अंबूमावशीचा जाळपट्टा

मी सरपंच झाले यात माझा काही गुन्हा नाही. सत्त्याण्णव साली आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि गावातल्या थोर पुरुषांनी पारावर बसून ठरवलं, की तवनाप्पांच्या सुनेला उभी करू. बारावी शिकली आहे, सही चांगली येते, आणि मुख्य म्हणजे बोलत नाही. यातली सही तेवढी खरी निघाली. पहिल्याच ग्रामसभेत मी अर्धा तास बोलले, तेव्हा माजी सरपंच गणपतराव माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "तवनाप्पा, हे आधी सांगायचं न्हाय व्हय?"

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, डोंगराला पाठ लावून बसलेलं. पुढच्या अंगाला ऊस, मागच्या अंगाला गवत. हा डोंगर दरवर्षी होळीच्या आगेमागे पेटतो. कोण पेटवतं ते कुणालाच माहीत नसतं. कुणी म्हणतं, जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं म्हणून गुराखी पेटवतात. कुणी म्हणतं, बिडीचं थोटूक. विचाराल त्याचं बोट शेजारच्या गावाकडे. पण डोंगर पेटल्यावर आमच्या गावात जे होतं, ते जगात दुसरीकडे कुठे होत नसावं. माणसं पाराजवळ जमतात, हाताची घडी घालून डोंगराकडे तोंड करतात, आणि जाळ कुणाच्या हद्दीत आहे यावर वाद घालतात. वरचा भाग वनखात्याचा, मधला गायरानाचा, खालच्या पट्ट्या मालकीच्या. जाळ जसा खाली सरकतो तसा वादही एकेक हद्द ओलांडत खाली येतो.

विझवायला मात्र कुणी जात नाही. त्याला कारण आहे. गणपतरावांच्या चुलत्यानं कधीकाळी एकट्यानं वणवा विझवला होता. त्याचं नाव पंचनाम्यात गेलं आणि 'तू तिथं कशाला गेलतास?' या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला तीन वेळा तालुक्याला जावं लागलं. तेव्हापासून गावानं कानाला खडा लावला. जो आधी पोचेल, त्यानंच लावला असेल.

डोंगराच्या सगळ्यांत जवळ घर होतं अंबूबाईचं. मी तिला मावशी म्हणते. साठी उलटलेली, एकटी. कौलारू घर, शेजारी पाल्याच्या छपराचा गोठा, त्यात दोन म्हशी, आणि गोठ्याशेजारी गवताची गंजी. पाऊस पडून नवं गवत येईपर्यंत म्हशींनी खायचं ते सगळं त्या गंजीत. मागच्या दारातून तीस पावलं गेलं की एक आडवी पायवाट, आणि पायवाटेपलीकडे सरळ डोंगर.

मावशीला हद्दीबिद्दीचं काही सोयरसुतक नव्हतं. संक्रांत झाली की ती खुरपं घेऊन पायवाटेपलीकडे बसायची आणि वीत-वीत सरकत गवत काढायची. महिनाभर हेच. शेवटी घराच्या मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा पावलं रुंदीची उघडी तांबडी जमीन दिसायला लागायची. खात्याच्या भाषेत याला जाळपट्टा म्हणतात. मावशीच्या भाषेत याला नाव नव्हतं. "जाळाला खायाला न्हाय मिळालं की बसतोय की गप," एवढंच ती सांगायची. बावीस वर्षं जाळ तिथपर्यंत येऊन गप बसत होता.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत मी तिला तिथं बसलेली पाहिली. गुडघे धरून उठत होती, खोकत होती, पुन्हा बसत होती. मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि तेव्हा तर मी तीन महिन्यांची ताजी सरपंच होते.

"मावशी, उठा," मी म्हणाले. "हे तुमचं काम न्हाय. डोंगर सरकारचा, जाळपट्टा सरकारनं काढायचा."

"त्यास्नी कोन सांगनार?"

"मी सांगते. अर्ज करते."

अर्ज मी असा झकास लिहिला की मलाच दोनदा वाचावासा वाटला. तालुक्याला वनखात्याच्या ऑफिसात जाऊन दिला आणि पोच घेतली. पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मारून मिळतो तो गोल शिक्का. आमच्याकडे या शिक्क्याला फार मान. पोच मिळाली की निम्मं काम झालं असं माणसं समजतात, आणि उरलेलं निम्मं विसरतात. मी वडगावच्या बाजारात पोचेची झेरॉक्स काढली आणि मावशीच्या हातात ठेवली.

तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "कवा येनार ह्यो सायेब?"

"होळीच्या आधी. तुम्ही खुरपं ठेवून द्या. आता जबाबदारी माझी."

तिनं कागद देवळीत देवाच्या मागं ठेवला आणि खुरपं आढ्याला खोवलं. मी खूश होऊन घरी आले. त्याच आठवड्यात दवंडीही दिली, की डोंगरावर काडेपेटी घेऊन कोणी दिसल्यास त्याचं नाव ऑफिसात कळवण्यात येईल. मला वाटलं, सरपंच असावा तर असा.

फेब्रुवारीत मी चौकशीला गेले. आमच्या भागाला जोतीराम म्हणून गार्ड होता. भला माणूस. अकरा गावांचे डोंगर त्याच्याकडे, आणि ते राखायला एक एम-एटी गाडी.

"वैनी, कागद वर गेलाय," तो म्हणाला.

"वर म्हणजे कुठं?"

त्यानं छताकडे हात केला. तिथं पंखा होता, तोही बंद. "मजूर मंजूर झालं की पहिलं तुमच्याच गावात येतो. पण होळीच्या आधी होईल असं छातीवर हात ठेवून न्हाय सांगत."

हे मी त्याच दिवशी मावशीला सांगायला हवं होतं. अजून वीस दिवस होते. चार बायका लावून सगळा पट्टा साफ झाला असता. पण मी सांगितलं नाही. 'जबाबदारी माझी' असं म्हणून आलेली बाई आता कुठल्या तोंडानं सांगणार, की खुरपं परत काढा? मी स्वतःला समजावलं, येतील, सरकारी काम आहे, येतील. लाज वाटते हे सांगायला, पण तसंच झालं.

होळीला चार दिवस होते. दुपारचे चार वाजले असतील. मी पंचायतीत जन्मनोंदीचं रजिस्टर बघत होते, तोवर बाहेर ओरडा झाला. पारापाशी आले तर सगळे हजर. हाताच्या घड्या घालून, डोंगराकडे तोंड करून.

"अजून खात्यातच हाय," एकजण म्हणाला.

"कुठलं? त्यो बघ, गायरानात उतरला."

"गायरान त्या लिंबापासनं धरत्यात."

पश्चिमेचा वारा सुटला होता आणि जाळ वरून खाली, आमच्याकडे येत होता. मी मागं पळून ऑफिसला फोन लावला. जोतीराम दुसऱ्याच गावच्या डोंगरावर आग विझवायला गेला होता. निरोप ठेवला आणि पुन्हा बाहेर आले. आणि मग मला ते दिसलं. धुराच्या खालपासून अंबूमावशीच्या पायवाटेपर्यंत पिवळं गवत. गुडघाभर, एकसलग. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मध्ये तांबडी रेघ नव्हती.

"चला," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. गणपतरावांनी टोपी सारखी केली. "वैनी, जायाला आमी एका पायावर तयार हाय. पर नाव कुणाचं लिवनार?"

"माझं लिहा!" मी अशी ओरडले की पारावरची कुत्री उठली. "डोंगर सरपंचबाईनं पेटवला म्हणून लिहा. खाली सही मी करते, शिक्का मी मारते. पण चला!"

"लेखी?" मागून कुणीतरी विचारलं.

तो कोण होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. शोध चालू आहे. मी पदर खोचला आणि पळत सुटले. मागं वळून पाहिलं नाही, पण थोड्या वेळानं चपलांचा आवाज यायला लागला, मग करंजाच्या डहाळ्या मोडल्याचा. गाव निघालं होतं.

मावशीनं म्हशी सोडून रस्त्याकडे हाकलल्या होत्या. ती स्वतः मागच्या दारात उभी होती. हातात तो कागद.

"ह्यो दावू काय जाळाला?" तिनं विचारलं.

ती हसत नव्हती. चिडलेलीही नव्हती. तिनं आपलं विचारलं.

मग मावशीनं कागद कमरेला खोचला. "आता खुरपायला येळ न्हाय. आगीलाच आग लावाय पायजे. हितनं, पायवाटेवरनं. आपला जाळ वर जाईल, त्येचा खाली येईल, मधी खायाला काय ऱ्हानार न्हाय. काडी लाव."

"मी?"

"मग कोन? जबाबदारी कुनाची म्हनालीस?"

आता आमच्या घरातली रीत सांगायला हवी. आम्ही जैन. दिवेलागणीला दिव्यात किडा पडू नये म्हणून आमच्याकडे वर जाळी ठेवतात. मुंगी दिसली तर केरसुणी बाजूला होते. आणि समोरच्या गवतात नाकतोडे होते, मुंग्यांची वारुळं होती, लाव्यांची घरटी होती. मी उभ्या जन्मात चुलीशिवाय कुठे काडी लावली नव्हती. पण मावशी बोलली त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"काडेपेटी द्या कुणीतरी," मी म्हणाले.

चाळीस माणसं. एकमेकांकडे बघायला लागली. बिडीशिवाय ज्यांचा सकाळी विधी होत नाही असले पुरुष, आणि एकाकडे काडेपेटी नाही! जाळाची धग तोंडाला लागायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझीच दवंडी. डोंगरावर काडेपेटी दिसली तर नाव ऑफिसात.

"कुणाचं नाव सांगणार न्हाय!" मी किंचाळले. "देवाची शपथ!"

सात काडेपेट्या पुढं आल्या. एक लायटरही आला, तो गणपतरावांचा. ते गेली पाच वर्षं बिडी सोडल्याचं सांगत होते.

मी मनात णमोकार मंत्र म्हटला आणि काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढताना मोडली. तिसरी मावशीनं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला तेव्हा धरली. गवतानं पेट घेतला आणि एक नाकतोडा माझ्या मनगटावर उडी मारून पलीकडे गेला. त्याचं मला अजून बरं वाटतं.

मग काम सुरू झालं. माणसं पायवाटेवर ओळीनं उभी राहिली, आणि जी ज्योत घराकडे वळेल तिला डहाळीनं झोडपायला लागली. आमचा जाळ हळूहळू वर चढत होता, वरचा खाली येत होता. मावशी पाठीमागून हुकूम सोडत होती. "गणपतराव, पाय बघा की! धोतार पेटंल!" ज्या गावात हद्दीवरून दोन माणसांचं पटत नव्हतं, ते गाव एका म्हातारीच्या ओरडण्यावर एका तालात चाललं होतं. वर कुठंतरी दोन जाळ एकमेकांना भिडले, मोठ्ठा फडफडाट झाला, आणि सगळं काळं होऊन बसलं. माणसांनी डहाळ्या उंच करून आरोळी ठोकली.

तेवढ्यात मावशी ओरडली, "गंजी!"

एक ठिणगी आमच्या डोक्यावरून गेली होती. हापशापासून बादल्यांची रांग लावली, गोठ्याचं छप्पर ओढून खाली पाडलं, घर वाचलं, गोठ्याच्या भिंती वाचल्या. गंजी नाही वाचली. म्हशींचा तीन महिन्यांचा घास अर्ध्या तासात गेला.

सूर्य खाली आला होता. मी मावशीजवळ ओट्यावर बसले होते, तोंडाला काजळी, हाताला फोड. बघते तर सासरे झाकलेलं ताट घेऊन बांधावरून येत होते. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. तवनाप्पांनी ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि पश्चिमेकडे डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

"वीतभर हाय अजून," ते म्हणाले. "खाऊन घे, सरपंच."

ते मला कधी सरपंच म्हणत नसत.

"मावशी," मी म्हणाले, "तुमची गंजी माझ्यामुळं गेली. साहेब येणार न्हाईत हे मला वीस दिवस आधी कळलंतं. मी सांगितलं न्हाय. लाज वाटली म्हणून."

मावशीनं माझा हात आपल्या हातात घेतला, फोड बघितला, मग आपला तळवा माझ्या तळव्याला लावून बघितला. तिची बोटं माझ्यापेक्षा पेरभर लांब होती.

"लई बारका हात हाय गं तुजा," ती म्हणाली. "खा. दिस चाललाय."

सकाळी मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिच्याकडे गेले. वाटलं होतं, पहिली मीच असेन. तिथं आधीच गाडी उभी होती आणि गणपतराव पेंढ्या उतरवत होते.

"हे लेखी नगं," मला बघून ते म्हणाले.

दुपारपर्यंत घरटी एक भारा आला. गंजी पहिल्यापेक्षा उंच झाली आणि जरा वाकडी, कारण रचणारे फार होते. मग जोतीराम पंचनाम्याला आला. रात्रभर झोप नसल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"आग कुणी लावली?"

"वरची माहीत न्हाय. खालची मी लावली," मी म्हणाले. "लिहा."

"वैनी, असं लिहिलं तर केस हुईल."

"मग होऊ दे. आणि त्याच्याच खाली लिहा, की जाळपट्ट्याचा अर्ज जानेवारीत दिलेला होता."

मावशीनं कमरेची पोच काढून त्याच्यापुढं धरली. घामानं आणि काजळीनं ती मळली होती, शिक्का शाबूत होता. जोतीरामनं ती वाचली आणि लिहिलं, 'आग ग्रामस्थांनी मिळून विझवली.' खाली आम्हा सगळ्यांची नावं घातली. चाळीस नावं. गणपतराव तर आपलं नाव बरोबर लिहिलंय का हे दोनदा बघून गेले. इतक्या लोकांना तालुक्याला कोण बोलावणार?

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, माझ्या अर्जाचं उत्तर आलं. 'प्रत्यक्ष पाहणीत सदर जागेवर गवत आढळून आले नाही. सबब जाळपट्ट्याची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मी ते पत्र ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं. लोक इतके हसले की विषयपत्रिकेतले पुढचे दोन विषय तसेच राहिले. मी पण हसले, आणि त्याच रात्री वरच्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला, तिळगूळ वाटून होताहोताच, अंबूमावशी पंचायतीत आली. आजवर तिनं पंचायतीची पायरी चढलेली मी पाहिली नव्हती. माझ्या टेबलापुढं उभी राहिली आणि विचारलं, "अर्ज केलास का यंदाचा?"

"यंदाचा काय म्हणून? मी चार बायका घेऊन उद्यापासून येतेच की. सगळा पट्टा आम्हीच काढतो. त्या ऑफिसचं नाव नको आता."

"का नगं?" मावशी कडाडली. "डोंगर त्येंचा न्हाय व्हय? म्हातारीनं खुरपायचं आन् त्यांनी पंख्याखाली बसायचं? कर अर्ज. माजा अंगठा बी घे खाली."

मी नवा कागद घेतला. ती शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावत होती. 'विनंती' शब्द तिला पटला नाही, तो काढायला लावला. अंगठा उमटवून झाल्यावर तिनं बोट पदराला पुसलं.

"झालं न्हवं? उद्या सकाळच्या गाडीनं धाड. आन् आता चल."

"आत्ता?"

तिनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर, शिक्क्याच्या पॅडशेजारी, एक कोरं खुरपं ठेवलं. पातं लोहाराकडून नुकतंच आलेलं, चकचकीत. मी ते उचललं. मूठ बाभळीची होती, घोटून गुळगुळीत केलेली, आणि इतर खुरप्यांच्या मुठीपेक्षा बारीक. बरोबर माझ्या हाताच्या मापाची.